पाटीसाठी खांब

छत्रीकाका हे नाव त्यांना परक्या कुणी ठेवलं नव्हतं. सख्ख्या धाकट्या भावाने ठेवलं होतं, आणि तेही चिडवायला. वडील गेल्यावर दोघा भावांनी कॉफीचा उतार मधोमध वाटून घेतला. डावीकडचा थोरल्याचा, उजवीकडचा धाकट्याचा. तेव्हा दोन्हीकडे एकही मोठं झाड नव्हतं, कारण वडिलांनी सगळी झाडं काढून उघड्या उन्हात कॉफी लावली होती. उन्हात कॉफी जास्त धरते, हे खरंच आहे. काही वर्षं धरते. मग झुडपं थकतात आणि माती पावसाबरोबर खाली निघून जाते. थोरल्याने काय केलं, तर कॉफीच्या ओळींमध्ये झाडं लावायला सुरुवात केली. धाकटा मधल्या बांधावर उभा राहून ओरडला, "दादा, कॉफीला छत्री धरतोस होय रे? उद्या तिला चप्पल पण घेऊन दे!" झालं. आजूबाजूची पोरंटोरंसुद्धा छत्रीकाका म्हणायला लागली, ती आजतागायत.

सगळ्यात आधी हसली होती ती त्यांची बायको, काकू. तिने कधी लपवलं नाही ते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकच तक्रार होती, अंगण. दर पावसाळ्यात उतारावरून लाल चिखल थेट तिच्या अंगणात यायचा, पायरी चढून आत यायचा, चपलांत भरायचा. खराटा मारून मारून तिचे हात भरून यायचे. "बागेत काय पिकतं ते तुम्ही बघा. माझ्या अंगणात चिखल पिकतो!" असं ती फणकाऱ्याने म्हणायची. आणि मग एका पावसाळ्यात तिच्या लक्षात आलं, की अंगणात येणारं पाणी नितळ आहे. चिखल नाही. ती खराटा घेऊन नुसतीच उभी राहिली. झाडं डोक्याच्या वर गेली होती, खाली पाचोळ्याचा जाड थर साठला होता, आणि माती जागच्या जागी बसायला शिकली होती. त्या दिवसापासून काकूने हसणं बंद केलं. नवऱ्याला तसं बोलून दाखवलं नाही एवढंच. बोलली असती तर ते आणखी चढून बसले असते.

मग पाखरं आली, आणि पाखरांबरोबर पाहुणा आला. उताराच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे कॉफी नव्हती, तिथे एक रोप आपोआप उगवलं. कुणी लावलं नव्हतं. कुठल्या जातीचं, ते कुणालाच सांगता येईना. एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याने पान चोळून वास घेतला आणि म्हणाला, हे जुन्या जंगलातलं आहे, मी लहानपणी पाहिलं होतं. छत्रीकाका त्या दिवशी जेवायला बसले तरी हसतच होते. "अगं, मी बोलावलं नाही, तरी आला. पाहुणा आला आपल्याकडे!" नाव तेच पडलं. पाहुणा सरळसोट वाढला. रोज सकाळी काका वरपर्यंत चढून जायचे, त्याच्या खोडाला हात लावायचे आणि खाली यायचे. काकू म्हणायची, "कधी माझ्या पाठीवरून नाही फिरवला तो हात."

आता झाडं लावली म्हणजे काम संपलं असं नसतं. सावली दाट झाली तर कॉफी फुलत नाही, बुरशी धरते. म्हणून फुलं येण्याआधी दर वर्षी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. काकांची मोजायची रीत सोपी होती. झाडाखाली उभं राहून दोन्ही तळहात पुढे धरायचे. अर्ध्या हातांवर ऊन, अर्ध्यांवर सावली, की बास. आणि ते एका वेळी सगळं कधीच छाटत नसत. आज हा कोपरा, पुढच्या आठवड्यात तो. "पाखरांना, कोळ्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेळ नको का?" असं म्हणायचे. छाटलेल्या फांद्या जिथल्या तिथे पसरून टाकायचे, त्याची माती व्हायची. सगळा हंगाम त्यातच जायचा.

पण गेल्या वर्षी ते झाडावरून पडले. खांदा निखळला. काकूच्या तोंडचं पाणी पळालं. खांदा बसला, पण तिचा जीव काही ठिकाणावर येईना. या वर्षी छाटणीची वेळ आली तशी ती दारात आडवीच उभी राहिली. "माझी शपथ आहे, झाडावर चढलात तर. माणसं लावू. ती एकदम येतील, एकदम करतील, सुटलो आपण." काकांनी कोपऱ्याकोपऱ्याने करायचं म्हणून बघितलं, पण छाटणारी टोळी तिथे थांबायला थोडीच बसली होती? त्यांना पुढची कामं होती. काकू म्हणाली, "होऊ दे एकदाचं! झाडंच आहेत, फुटतील परत." काकांनी मान हलवली. एका आठवड्यात अख्खा उतार छाटून झाला. न्हाव्याकडून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा दिसत होता. पाहुण्याला मात्र काकांनी हात लावू दिला नाही. त्याच्याखाली कॉफी नव्हती, त्याला कशाला छाटायचं?

झाडं फुटलीही परत. पावसाआधीच सगळीकडे हिरवं झालं. कॉफी अशी फुलली की घरात बसून वास यायचा. काकू मनात म्हणाली, बघा, माझंच खरं झालं.

कॉफी घेणाऱ्या कंपनीने मधल्या काळात एक नवा नियम काढला होता. ज्या जमिनीवरचं जंगल अलीकडे तोडलंय, तिथली कॉफी घ्यायची नाही. सगळ्या बागवाल्यांना बोलावून हे सांगितलं तेव्हा बाकीचे कुरकुरले, आणि छत्रीकाकांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्या! वर उठून बोलले, "कडक ठेवा नियम. अजिबात ढिलाई नको." घरी आले ते छाती फुगवून. "शेवटी कुणाला तरी कळलं बघ."

तोडणी झाली, सोलून वाळवून झालं, मागच्या खोलीत पोती रचली गेली, आणि कंपनीची तपासनीस मुलगी आली. चांगली होती हो पोरगी. चिखलाचे बूट बाहेर काढून आत आली, काकूने दिलेली कॉफी प्यायली, आणखी मागून घेतली. मग तिने हातातली काचेची पाटी काकांसमोर धरली. तिच्या चेहऱ्यावरून काकूला आधीच कळलं, की काहीतरी बिनसलंय.

"काका, हे वरून घेतलेले फोटो आहेत. आकाशातून. हा तुमचा उतार, मागच्या वर्षीचा." हिरवागार होता. "आणि हा फुलांच्या आधीचा." तपकिरी. "त्या यंत्राचं म्हणणं आहे, की इथे जंगल होतं आणि ते तोडलं."

छत्रीकाकांनी चष्मा पुसला. "काय म्हणालं? जंगल?"

"हो."

"अगं ऐकलंस का?" काका काकूकडे वळले. चेहरा नुसता उजळला होता. "यंत्राला जंगल वाटलं! आपला उतार! वरून बघितलं तर जंगल!"

मुलीने मान खाली घातली. काकू काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो उजेड हळूहळू कसा उतरला, ते तिने पाहिलं. तसं पुन्हा कधी बघायला लागू नये असं तिला वाटलं.

"म्हणजे घेणार नाही तुम्ही," काका म्हणाले.

"यादीत लाल आलंय, काका."

मग काकूचा तोल सुटला. "अगं बाई, चल की वर! चल, डोळ्यांनी बघ! तोडलंय काय आम्ही? केस कापले म्हणून कुणी मान कापली म्हणतं का?"

मुलगी मुकाट्याने वर आली. सगळा उतार फिरली. पाचोळा उकरून बघितला, खालची काळी माती चिमटीत घेऊन वास घेतला, गांडूळ बघून मागे सरकली आणि स्वतःच हसली. फोटो काढले, खूप काढले. पाहुण्यापाशी पोचली तेव्हा मान वर करून बराच वेळ बघत राहिली. "किती सुंदर आहे हे," म्हणाली. काकूला आशा वाटली. वेडी आशा.

"दिसतंय ना तुला?" काकूने विचारलं.

"मला दिसतंय हो, काकू. पण मी पाहिलेलं त्यात भरता येत नाही. तिथे फक्त वरून दिसलेलं चालतं."

"मग एखादं झाड तोडलं तरी त्याला दिसतं वाटतं?"

"छे. एक झाड वरून नाही दिसत. एकदम खूप गेलं तरच दिसतं. हळूहळू कोपऱ्याकोपऱ्याने छाटलं असतंत ना, तर काहीच आलं नसतं."

काकूला स्वतःचेच शब्द आठवले. तिने नवऱ्याकडे बघितलं. काका पाहुण्याच्या खोडावरची मुंगी बघत होते.  तूच म्हणालीस, एकदम करा, एवढे चार शब्द होते. ते त्यांनी तेव्हा उच्चारले नाहीत आणि पुढेही कधी उच्चारले नाहीत. त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्या तर काकूला परवडल्या असत्या.

"आणि ते?" तिने बांधापलीकडे बोट दाखवलं. धाकट्याचा उतार उन्हात पडला होता, लाल, घळींनी चिरलेला. कॉफीच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या.

"ते पास आहे," मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली.

"तिथे एक झाड नाही!"

"म्हणूनच. नव्हतंच, तर तुटणार काय?"

मुलीने तक्रार वर पाठवली. मनापासून पाठवली, काकूला शंका नाही. काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. वरच्यांचं म्हणणं होतं, की पुढची तीन वर्षं छाटणी करू नका. वरून पुन्हा दाट हिरवं दिसलं की लाल जाईल.

"आणि न छाटता कॉफी फुलणार कशी?" काकूने विचारलं.

पलीकडून नुसता सूं सूं आवाज आला. मुलगी नाक ओढत होती बहुतेक. काकूलाच तिची समजूत घालावी लागली. "असू दे गं. तू काय करणार?" फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हे चांगलं आहे. भांडायला कुणीतरी समोर हवं ना! समोर कुणी नाहीच. वर आकाश आहे. आकाशाची कॉलर धरायची कशी?

मुलाचा फोन आला तो त्याच संध्याकाळी. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्याचं सरळ गणित. "आई, सावलीची कॉफी आधीच कमी निघते. चांगला भाव देणारी ती एकच कंपनी होती. ती घेत नसेल तर झाडं काढून टाका. धाकट्या काकांसारखं उघड्यावर लावू. मी माणसं पाठवतो. बाबांना तू सांग."

"मी नाही सांगणार."

"मग मी येऊन सांगतो. पुढच्या महिन्यात रजा आहे."

म्हणजे वेळ पुढच्या महिन्यापर्यंत होता. काकू मागच्या खोलीत गेली. काका पोत्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते, दवाखान्यात एखाद्याच्या उशाशी बसावं तसे. तिने काही सांगितलं नाही.  पण त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण त्या घराच्या भिंती म्हणजे नावाच्याच.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. येताना तोंडभर हसणारा माणूस, आज हसत नव्हता. दारातच घुटमळला.

"वहिनी, दादा कुठाय?"

"आत आहेत. बसा, भावजी."

तो बसला नाही. "एक बोलू? रागावू नका. पोती माझ्या अंगणात आणून टाका. माझ्या कॉफीत मिसळू. माझी जमीन पास आहे, माझ्या नावावर सगळी जाईल. आलेले पैसे तुमचे तुम्हाला. कुणाला कळतंय?"

काकूच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं छत्री छत्री म्हणून हसला, आणि आता याच्या उघड्या बोडक्या उताराच्या नावावर आमची कॉफी जाणार! तिने तोंड उघडलं. पण आतून काकांचा आवाज आला.

"जाऊ दे त्याच्या नावावर."

"अहो!"

ते दारात येऊन उभे राहिले. "नाहीतर झाडं जातील. नाव गेलं तर काय मोठंसं?" आणि भावाला म्हणाले, "उद्या आणतो."

धाकट्याचे डोळे भरून आले. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर सगळ्यात अवघड होतं. वाईट असता तर काकूने त्याला उंबऱ्यावरून हाकलला असता.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या वाटेने पोती पलीकडे गेली. काका एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. काकू मागून सांडलेल्या बिया वेचत गेली. इकडे पाऊल टाकलं की पाचोळ्यात रुतत होतं, तिकडे टाकलं की दगडावर वाजत होतं. शेवटचं पोतं ठेवल्यावर काकांनी त्याच्यावर दोनदा थोपटलं आणि आले परत.

काकूने मुलाला फोन करून सांगितलं, "कॉफी गेली. झाडं काढायची गरज नाही." मुलगा म्हणाला, "बरं झालं. पण दर वर्षी असं चालेल का?" काकूने ऐकू येत नसल्याचं सोंग केलं.

एवढ्यावर मिटलं असतं तर मिटलं असतं. पण ती कॉफी चांगली निघाली! चाखणाऱ्यांनी तिला नावाजलं. इतकी गोड, इतकी भरदार कॉफी या भागातून आलीच नव्हती म्हणे. कंपनीने धाकट्याच्या बागेला मान द्यायचं ठरवलं. बागेच्या तोंडाशी लावायला एक मोठी जाड पाटी पाठवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढायला माणूस येणार असा निरोप धाडला.

धाकटा ती पाटी काखेत धरून आला. चोरीचा माल आणावा तशी उलटी धरली होती. काकूने ती त्याच्या हातातून घेतली आणि सुलटी केली. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "या जमिनीवर एकही झाड तोडलं गेलेलं नाही."

 काकूला हसू फुटलं. हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. पदर तोंडाला लावून ती आत गेली, पाणी प्याली, बाहेर आली.

"दादा," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "खांब पाहिजे. लाकडाचाच लावा म्हणालेत, फोटोत शोभून दिसतो. सरळ पाहिजे, उंच. माझ्याकडे... माझ्याकडे तर एक झाड नाही."

काकूला ओरडावंसं वाटलं, जा, आकाशाकडे माग खांब! पण कुठल्या तोंडाने ओरडणार? कॉफी याच्या नावावर, पैसे याच्या हातून आलेले, पुढच्या वर्षीही याच्याच अंगणात पोती टाकायची. पाटी लागली नाही आणि कंपनीने विचारपूस केली, तर सगळंच उघडं पडायचं. मग मुलगा, मग माणसं, मग कुऱ्हाडी.

"फांदी घ्या कुठली तरी," ती म्हणाली. "मागच्या छाटणीतली असेल एखादी."

काकांनी मान हलवली. "ती कुजली, मातीत गेली. आणि आपलं एक झाड सरळ आहे का? दर वर्षी छाटतो, दर वर्षी दुसरीकडून फुटतात. सगळी वाकडी, दुबेळकी." ते थोडं थांबले. "एकच सरळ आहे."

"नाही," काकू म्हणाली. "अहो, नाही."

"त्याला कधी कोयता लागला नाही ना, म्हणून सरळ आहे."

"दादा, राहू दे," धाकटा म्हणाला. "मी बघतो दुसरीकडे कुठेतरी."

"उद्या सकाळी माणूस येतोय. बघशील कुठे?" काकांनी भिंतीवरची करवत काढली.

तिघं वर चढले. काकांनी रोजच्यासारखा खोडाला हात लावला. जरा जास्त वेळ ठेवला, एवढंच. मग खाली कॉफीवर पडू नये म्हणून दोर बांधला आणि त्याचं टोक काकूच्या हातात दिलं. "ओढून धर. झुडपं मोडायला नकोत." काकूने धरला. दुसरं करणार काय होती ती? धाकटा रडत करवत ओढत होता, काका रडत नव्हते. पाहुणा कलला तेव्हा तिने सगळा जोर लावून दोर वरच्या बाजूला ओढला, आणि तो अगदी जिथे पडायला हवा होता तिथेच पडला. एकही कॉफीचं झुडूप मोडलं नाही.

शेंडा, फांद्या काकांनी तिथेच पसरून टाकल्या. खोड तासून त्यांनीच धाकट्याच्या बागेच्या तोंडाशी नेलं. तिथली जमीन इतकी कडक होती की पहारीने खड्डा खणावा लागला. खांब उभा राहिला. धाकट्याने पाटी ठोकली. काकांनी भोवती माती लोटली, टाचेने दाबली, चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा दाबली, जशी आयुष्यभर प्रत्येक रोपाभोवती दाबत आले होते. मग ते बांध ओलांडून आपल्या उतारावर गेले, ओंजळ भरून पाचोळा घेऊन आले, आणि वाकून तो खांबाच्या बुडाशी पसरला. ओल टिकावी म्हणून.

काकूला ते बघवेना. ती जवळ गेली. "अहो," ती हळूच म्हणाली, "खांब आहे तो."

काकांनी हात झटकले. "हो की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, फोटो काढून गेला. त्यानंतर काकूने त्या मुलीला फोन लावला. निमित्त काहीतरी काढलं, आणि बोलता बोलता विचारलं, आमच्या उताराचा नवा फोटो आला असेल तर वर काही कमी दिसतंय का? मुलीने तिथल्या तिथे बघून सांगितलं, नाही काकू, सगळं छान हिरवं आहे, जसंच्या तसं. एक झाड वरून दिसतच नाही.